सापसुरळीचे पाय

लांबिनाय बेटावरून परदेशी कामाला जाणाऱ्या माणसाचे कागद सेबू शहरातल्या एजन्सीत तयार होत, पण त्याचं जाणं पक्कं व्हायचं ते सिलाच्या घरामागच्या, नारळ सोलून पडलेल्या सोडणांच्या ढिगाशी. पासपोर्ट झाला, डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, तिकीट हातात आलं, तरी एक काम उरायचंच. ढिगातली सापसुरळी हातावर घेऊन तिचे पाय बघायचे. दिसले की समुद्र ओलांडायला मोकळे. नाही दिसले तर दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशीही नाहीच दिसले तर वर्षभर गप घरी बसायचं. दुमागेतेच्या बंदराला जाणारा बोटवाला सामान आत घेण्याआधी विचारायचा, "दिसले का?" उत्तर ऐकल्याशिवाय तो कुणाची पिशवी उचलत नसे. चर्चमधला पाद्री दर वर्षी उपवासाच्या दिवसांत या वेडगळपणावर तोंडसुख घ्यायचा. मात्र त्याचा भाचा सिंगापूरला निघाला तेव्हा पाद्रीच त्याला हाताला धरून सिलाकडे घेऊन आला होता.

बेटावरची ही सापसुरळी करंगळीएवढी, तपकिरी, तेल लावल्यासारखी चकचकीत. चार पाय आहेत, पण नावापुरते. भाताचं शीत त्यापेक्षा मोठं. घाबरली की ती पाय अंगाशी मिटून घेते आणि साप होऊन सरपटत पळते. जिवाला निवांत वाटलं तरच पाय बाहेर काढून टेकते. तेव्हा पाय बघायचे म्हणजे तिला निवांत करावं लागतं, आणि ते येरागबाळ्याचं काम नाही. चाळीसेक वर्षं नारळ सोलून सिलाचे तळवे इतके राठ झाले होते की सापसुरळीला ती झाडाची साल वाटायची. लोर्ना, सिलाची मोठी मुलगी, हाँगकाँगहून दर नाताळच्या खोक्यात हाताला लावायचं सुगंधी क्रीम पाठवायची. बाळयेशूची मूर्ती ठेवलेल्या फळीवर अशा अकरा बाटल्या ओळीनं उभ्या होत्या आणि त्यातली एकही फोडलेली नव्हती. मऊ, वासाच्या हातावर सापसुरळी थांबली नसती.

सिलानं आजवर किती जणांना पाय दाखवले ते तिला सांगता आलं नसतं. नवऱ्याला दाखवले, तो जहाजावर गेला. पहिली चार वर्षं येत होता, मग नुसती पत्रं आली, मग तीही थांबली. आता दावावला त्याचं दुसरं घर आहे असं ऐकून होती. मुलाला, अर्नेलला दाखवले, तो कतारला गेला. लोर्नाला दाखवले. प्रत्येक वेळी ती विचारायची, "दिसले का?" आणि समोरून उत्तर यायचं, "दिसले." मग ती सापसुरळी जिथून काढली तिथेच ठेवायची, वर सोडण पालथं घालायची आणि गुडघ्यावर हात टेकून उठायची. हल्ली उठायला वेळ लागत होता.

आता राहिली होती रोवेना, शेंडेफळ. गुरुवारच्या बोटीनं ती जाणार होती. तैवानमध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एका म्हातारीला उचलायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं.

रोवेनानं जाऊ नये असं सिलाला वाटत होतं. फार वाटत होतं. गुडघे गेले होते हे एक. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळ्यावर नारळ आपटून सोलायचं काम दोन वर्षांपासून रोवेनाच करत होती. सिला नुसती बसून वाट्यांतलं खोबरं काढायची आणि ते वाळवायच्या भट्टीचा विस्तव बघायची. पण गुडघ्यांचं सोडा. घरात कुणीतरी बोलणारं असावं, आपल्या बोलण्यातल्या चुका काढणारं का असेना, एवढंच तिला हवं होतं. आणि चुका काढण्यात रोवेनाचा हात धरणारं बेटावर कुणी नव्हतं. बालवाडीत चार वर्षं शिकवून तिला ती सवयच जडली होती. गावकप्तानानं रंगवलेल्या पाटीतली चूक तिनं भर सभेत सांगितली होती. पाद्रीनं प्रवचनात संताची तिथी चुकवली तर ही मागच्या बाकावरून पुटपुटायची. "मागच्या सोमवारी वादळ झालं," असं सिला म्हणाली की चुलीपाशी वाकलेली रोवेना मान वर न करता म्हणायची, "मंगळवारी झालं, मा." चुकीचं काही कानावर पडलं की तिला राहवतच नसे.

गेले आठ महिने ती चिनी शिकत होती. नारळ सोलताना मोजायची तेसुद्धा त्याच भाषेत. यी, अर्, सान. सुळ्यावर नारळ बसल्याचा आवाज आणि मागोमाग आकडा. सिलाला ते आकडे ऐकून ऐकून पाठ झाले होते आणि त्यांचा रागही आला होता.

सोमवारी सकाळी दोघी ढिगाशी गेल्या. तीन वर्षांपूर्वीचा ढीग, खालून कुजून काळा झालेला. सिलानं पहिलंच सोडण आपल्याकडे वळवलं, खाली तळवा धरला, आणि सापसुरळी आपण होऊन तळव्यावर आली. इतक्या लवकर कधी मिळत नसे. सिलानं मूठ मिटली, पाठ वळवली आणि चष्मा नाकावर घेऊन मुठीत डोकावली. सापसुरळीनं पाय टेकले होते. मागच्या डाव्या पायाला दोनच बोटं होती. एक कधीतरी तुटलं असावं. बाकी तिन्ही पायांना तीन-तीन.

"मिळाली?" रोवेनानं पलीकडून विचारलं.

"कुठली मिळतीय," सिला म्हणाली. तिनं सापसुरळी सोडणाखाली परत ठेवली आणि दुपारपर्यंत ढिगाच्या दुसऱ्या टोकाला उगाचच उकरत बसली.

मंगळवारी पुन्हा तेच सोडण, पुन्हा तीच दोन बोटांची. जणू वाट बघत बसली होती. सिलानं पुन्हा मूठ मिटली आणि पुन्हा ठेवून दिली. दुसऱ्याला पाय दाखवताना तिनं उभ्या जन्मात लबाडी केली नव्हती. पाद्रीच्या भाच्याला दाखवतानाही केली नव्हती, आणि तो भाचा तिला मुळीच आवडत नव्हता.

"आजपण नाही?" रोवेना म्हणाली. तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "तुला कधी दोन दिवस लागले नव्हते, मा."

"डोळे गेले माझे."

"डोळे नाही गेलेत. मोतीबिंदू एकाच डोळ्यात आहे, तोही कच्चा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"बरं बाई, एकच गेला."

रोवेना कळशी घेऊन विहिरीकडे गेली. तेवढ्यात माडाच्या शेंड्यातून आवाज आला, "मानांग, उद्या तिसरा दिवस ना?"

तो उल्दो, सिलाला थोरल्या बहिणीसारखं मानांग म्हणणारा. सिलाच्या शेजारचा, माडी काढणारा. सकाळ-संध्याकाळ त्याचा मुक्काम झाडावरच असायचा आणि बेटावरच्या कुणाच्या परसात काय शिजतंय हे त्याला जमिनीवरच्या माणसांआधी कळायचं. एके काळी तोही सिलाच्या हातावर पाय बघून सौदीला गेला होता. सहा वर्षांनी परत आला तेव्हा बायको आणि मुलगी त्याला ओळख द्यायला लाजत होत्या. त्यानंतर तो जमिनीवर फारसा रमला नाही.

"तुला काय करायचंय? तू माडी बघ," सिला म्हणाली.

उल्दो सरसर खाली उतरला. कमरेची कोयती सारखी करत तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काल पण बघितलं, आज पण बघितलं. वरून सगळं दिसतं गं."

सिलानं मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

"मी कुणाला सांगणार नाही," उल्दो म्हणाला. "पण मला एक कळत नाही. जाऊ नको असं वाटतंय, तर तोंडानं सांग की. तोंड काय भाड्यानं दिलंयस?"

"तोंडानं सांगितलं तर ती राहील."

"मग झालं की. तेच हवंय ना तुला?"

"मग ती माझ्यासाठी राहिली असं होईल." सिलानं हातातलं सोडण उगाच इकडचं तिकडे ठेवलं. "उद्या भात करपला, तिचं लग्न लांबलं, बालवाडीतला पगार थकला, की दर वेळी मीच दिसेन तिला. ती बोलणार नाही, पण दिसेन. सापसुरळीमुळं राहिली तर दोष कुणाचाच नाही. बेटावर किती जण तसे राहिलेत."

हे मात्र खरं होतं. लांबिनायवर मागे राहिलेल्या माणसाला कुणी नालायक म्हणत नसे. त्याला पाय दिसले नाहीत, एवढं म्हणून विषय संपायचा. फार तर उन्हं वर आली तरी लोळत पडलेल्या पोराला आई टोमणा मारायची, "काय रे, पाय दिसले नाहीत वाटतं अजून?" सिलाला स्वतःला चोविसाव्या वर्षी दिसले नव्हते. निदान बेटाला तरी तसंच माहीत होतं.

उल्दोनं दाढी खाजवली. "तू मला दाखवलेस तेव्हा अशीच मूठ मिटली असतीस तर?"

"तर आज त्याच झाडावरून मला शिव्या घातल्या असत्यास."

"ते आहेच," तो म्हणाला आणि हसला. मग विहिरीकडून रोवेना येताना दिसली तसा उठून झाडाकडे गेला. जाता जाता म्हणाला, "तरी बघ बाई. उद्या शेवटचा दिवस."

संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या. मक्याच्या कण्यांचा भात, शेवग्याच्या पाल्याचं पातळ कालवण, खारवलेली बारीक मासळी. जेवण झाल्यावर रोवेनानं खोबरेल कोमट केलं आणि सिलाचे गुडघे चोळायला घेतले. अंगठा गुडघ्याच्या वाटीखाली कुठे दाबायचा हे तिला नेमकं ठाऊक होतं.

"ती म्हातारी तुझ्यावर खूश होईल," सिला म्हणाली.

"कोण?"

"तैवानची. हात चांगलाय तुझा."

"तुझ्यावरच शिकले," रोवेना म्हणाली. तिची मान खाली होती.

कोपऱ्यात तिची नवी बॅग उभी होती. तिला अजून कुलूप लागलं नव्हतं. सिलाची नजर फळीवर गेली. गोळ्यांच्या डब्यांवर रोवेनानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: सकाळ, दुपार, पोट भरल्यावर. मिठाच्या बरणीवर मीठ, साखरेच्या बरणीवर साखर, जणू सिलाला चव कळत नाही. चुलीशेजारी वर्षभराची काटकी रचून ठेवली होती. भट्टीच्या पायरीला हाताला धरायचा बांबू बांधला होता. हे सगळं पोरीनं कधी केलं हे सिलाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आठ महिने एकीकडे आकडे आणि एकीकडे ही तयारी. तिला जायचं आहे. मनापासून जायचं आहे. हे इतकं धडधडीत समोर होतं आणि आपण दोन दिवस मुठीत सापसुरळी लपवतो आहोत, या विचारानं सिलाला स्वतःची किळस आली. आणि मग फार थकवा आला, रागसुद्धा नीट येऊ नये इतका.

बुधवारी उजाडल्यावर तिनं ठरवलं होतं ते केलं. पाय ओढत ढिगाशी गेली, तेच सोडण आपल्याकडे वळवलं. सापसुरळी होतीच. ती तळव्यावर आल्यावर सिलानं मूठ मिटली नाही.

"इंदाय, ये पोरी. मिळाली."

रोवेना सुळ्यापाशी नारळ सोलत होती. आज ती मोजत नव्हती. यी नाही, अर् नाही, नुसताच नारळाचा आवाज. हाक ऐकून ती आली, हात फ्रॉकला पुसले आणि सिलासमोर गुडघे टेकून बसली.

सापसुरळी आधी तळव्याच्या खळग्यात वेटोळं करून राहिली. सिलानं श्वास हळू केला. हात मांडीवर टेकवला, म्हणजे हलायला नको. ऊन झावळ्यांतून नेमकं तळव्यावर पडत होतं. थोड्या वेळानं सापसुरळी सैल झाली, लांब झाली आणि तिनं पुढचे दोन पाय टेकले. मग मागचे. डाव्या मागच्या पायाची दोन बोटं सिलाच्या घट्ट्यावर फाकली होती. इतकं स्वच्छ सिलानं फार वर्षांत कुणाला दाखवलं नव्हतं. रोवेना वाकली. तिचा चेहरा इतका जवळ आला की तिच्या श्वासानं सापसुरळीची शेपटी हलली. ती बघत राहिली. चांगलीच बघत राहिली.

"दिसले का?" सिलानं विचारलं.

रोवेनानं मान वर केली. "नाही दिसले, मा," ती म्हणाली.

ते शब्द सिलाच्या ओळखीचे होते. याच ढिगाशी, चौतीस वर्षांपूर्वी, तिनं ते स्वतः म्हटले होते. तेव्हा तळवा तिच्या आईचा होता. आई भट्टीवरून पडून खुब्यातून निखळली होती, काठीवर रेलून ढिगाशी बसली होती, आणि सिलाला हाँगकाँगच्या एका घरानं बोलावलं होतं. सापसुरळीनं चारही पाय टेकले होते. सिलानं ते बोटांसकट पाहिले होते आणि आईच्या त्या वाकड्या खुब्याकडे एकदा पाहून म्हटलं होतं, नाही दिसले, मा. आई म्हणाली होती, "बरं." मग सापसुरळी सोडणाखाली ठेवून म्हणाली होती, "चूल पेटव, उशीर झाला." त्यावर पुढे एकोणीस वर्षं, आई जाईपर्यंत, दोघींपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. आईला आपली लबाडी कळली नाही, असंच सिला धरून चालली होती. तेवढ्या एका गोष्टीच्या आधारावर तिनं आईचं सगळं केलं, कधी तोंड वाकडं न करता. आईला कळलं नाही, म्हणजे आपण फसवलं, पण तिच्या भल्यासाठी फसवलं.

आता तळव्यावर सापसुरळी होती आणि समोर रोवेनाचा चेहरा होता, आणि तो चेहरा लबाडी लपवायला किती कच्चा असतो हे सिलाला दिसत होतं. म्हणजे आईलाही दिसलं होतं. बसल्या जागी, काठीवर रेलून, तिला सगळं कळलं होतं. आणि तरी ती बरं म्हणाली.

सिलाला आईचा राग आला. आई जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच आला. आणि त्याच क्षणी तोच शब्द तिच्या स्वतःच्या जिभेवर येऊन बसला. बरं. केवढासा शब्द. तो म्हटला की आजची चूल पेटणार होती, उद्याची बोट बॅगेशिवाय जाणार होती, गुडघे रोज चोळले जाणार होते, आणि दोष कुणाचाच नसणार होता. म्हणावासा वाटत होता तिला. आईनं तो का म्हटला ते कळत होतं.

तिनं तो म्हटला नाही. सापसुरळी सोडणाखाली ठेवली, सोडण पालथं घातलं आणि उठायला हात पुढे केला. रोवेनानं तिला उठवलं. दोघी सुळ्यापाशी आल्या. रोवेनानं पुढचा नारळ उचलला, सिला आपल्या फळकुटावर बसली आणि वाटीतलं खोबरं सुटं करू लागली. माडावर उल्दो होता.

चार-पाच नारळ झाले. मग सिला, वाटीतून नजर न काढता, गप्पा मारल्यासारखी म्हणाली, "इतकी वर्षं बघतेय, पण या सापसुरळ्यांत काही म्हणून फरक नाही. तीन-तीन बोटं, चारही पायांना सारखी. आजच्या हिलासुद्धा."

"चारही कुठं सारखी, मा?" नारळ सुळ्यावर मारता मारता रोवेना म्हणाली. "मागच्या डाव्या पायाला दोनच होती."

नारळ सुळ्यात तसाच रुतून राहिला. रोवेनाचे हात त्याच्यावर होते, पण ती तो फिरवत नव्हती. सिलानं वाटी खाली ठेवली.

मग रोवेना म्हणाली, "मुद्दाम बोललीस तू."

"हो."

"तूच म्हणाली होतीस ना, डोळे गेलेत म्हणून."

"एकच गेलाय. तोही कच्चा."

रोवेना हसली नाही. तिचा खालचा ओठ लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला होता. "कोण सोलणार मग नारळ? उल्दोकाका दिवसाला चार सोलून देईल आणि आठ दिवस ऐकवेल. भट्टीची ती पायरी तुला चढवत नाही. परवा मी घरात नव्हते तर संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नव्हतंस."

"घेतलं होतं."

"नव्हतं घेतलं. कळशी भरलेली होती तशीच होती."

कळशी खरंच तशीच होती. मग सिला म्हणाली, "माझ्या सापसुरळीला सगळी तीन-तीन होती."

"तुझ्या कुठल्या?"

"हाँगकाँगच्या वेळची. मला दिसले होते पाय. चारही. मी आईला नाही म्हणून सांगितलं."

रोवेना तिच्याकडे बघत राहिली. ही गोष्ट ती जन्मापासून ऐकत आली होती, मा राहिली कारण तिला दिसले नाहीत, आणि आता ती गोष्ट तिच्यासमोर पालथी झाली होती. "मग आजी काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

"तिला कळलं होतं?"

"मला वाटायचं नाही कळलं. आत्ता, मघाशी कळलं मला, की तिला कळलं होतं."

रोवेनानं नारळावरचे हात काढले. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मग तूही म्हण ना बरं," ती म्हणाली. "आजीनं म्हटलं तसं. म्हण ना, मा. माझं काही जात नाही."

"तुझं काय जातं ते मला माहीत आहे," सिला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढवायला लागतो तेवढा जोर तिच्यात नव्हता. "दमलेय गं मी. तू राहिलीस तर रोज तुझ्या तोंडाकडे बघून, मला काही कळलं नाही असं दाखवावं लागेल मला. आईनं एकोणीस वर्षं दाखवलं. माझ्यानं नाही व्हायचं ते. त्यापेक्षा नारळ सोलणं सोपं आहे."

वर झाडात झावळ्या हलल्या. उल्दो ऐकत होता यात शंका नव्हती.

"पुन्हा विचारते," सिला म्हणाली. "उद्या बोटवाला विचारेल, त्याच्याआधी मला सांग. दिसले का?"

रोवेनानं ढिगाकडे पाहिलं. मग आईच्या मांडीवर उताण्या पडलेल्या तळव्याकडे पाहिलं, जिथे आता काहीच नव्हतं.

"दिसले," ती म्हणाली.

सिलानं मान हलवली. फळकुटावर हात रेटून ती उठली. रोवेना पुढे झाली तशी तिनं हातानंच तिला थांबवलं. "तू जा, बॅगेला कुलूप लाव," ती म्हणाली. रोवेना थोडा वेळ तिथेच घुटमळली आणि मग घरात गेली. सिला सुळ्यापाशी आली. रुतलेला नारळ तिनं दोन्ही हातांनी धरला आणि पिळला. पहिल्यांदा तो हलला नाही. पाय फाकवून, दुखऱ्या गुडघ्यावर भार न देता तिनं पुन्हा पिळला, तेव्हा सोडण सुटलं. ते तिनं ढिगावर टाकलं आणि दुसरा नारळ घ्यायला वाकली.